क्लोराइडमुळे गंजणारी सळई: क्लोराइड कुठवर पोचलंय ते मोजा, मगच काँक्रीट फोडा

पोपडा सुटला, सळई उघडी पडली, तारेच्या ब्रशने गंज खरवडला, मॉर्टर भरलं, वर रंग दिला. काही वर्षांनी पाहावं तर ठिगळ ठणठणीत असतं, पण त्याच्या कडेला वीतभर अंतरावर नवा तडा गेलेला असतो. क्लोराइडच्या गंजाची ही ठरलेली चाल आहे. त्यात मॉर्टरचा दोष क्वचितच असतो. दोष असतो आजूबाजूला तसंच राहू दिलेल्या खारट काँक्रीटचा. म्हणून या कामात फोडणं आणि भरणं शेवटी येतं. त्याआधी क्लोराइड सळईपर्यंत कुठे कुठे आणि किती पोचलंय, हे मोजावं लागतं. पुढची पद्धत त्या मोजणीवरच उभी आहे.

आत काय चाललेलं असतं

चांगल्या काँक्रीटच्या छिद्रांतलं पाणी अतिशय अल्कधर्मी असतं, पीएच साधारण १२.५ ते १३.५. अशा पाण्यात पोलादावर ऑक्साइडचा एक थर धरतो. त्याची जाडी जेमतेम काही नॅनोमीटर, पण तो शाबूत असेतोवर गंजाचा वेग नगण्य राहतो. क्लोराइड हा थर सरसकट उतरवत नाही. सळईखाली राहिलेली पोकळी, सुटा मिलस्केल (पोलाद तापवून लाटताना धरलेला ऑक्साइडचा पापुद्रा), पाणी मुरणारी फट अशी कच्ची जागा गाठून ते तिथे टाचणीच्या टोकाएवढं भोक पाडतं. ती जागा ॲनोड होते आणि भोवतालची धडधाकट सळई कॅथोड. ॲनोडवर लोह विरघळतं. त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन कॅथोडकडे जातात आणि तिथला ऑक्सिजन आणि पाणी ते घेतात. कॅथोड मोठा आणि ॲनोड इवलासा असल्यामुळे सगळी झीज एकाच ठिकाणी होते आणि खड्डा खोल खोल जातो. खड्ड्यात विरघळलेल्या लोहाची पाण्याशी क्रिया होऊन आम्ल तयार होतं आणि क्लोराइड मोकळं होऊन पुन्हा त्याच कामाला लागतं. ते खर्ची पडत नाही. ही गोष्ट सळई धुण्याच्या पायरीपर्यंत लक्षात ठेवा.

कार्बोनेशनमुळे, म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरून काँक्रीटची अल्कधर्मिता गेल्यामुळे, येणारा गंज सळईभर बऱ्यापैकी सारखा पसरतो. क्लोराइडचा तसा नसतो. खड्ड्याची खोली सरासरी झिजेच्या ४ ते ८ पट भरते, त्यामुळे ‘सळई सरासरी अमुक टक्के झिजली’ हे वाक्य इथे फसवं ठरतं. लाल गंज मूळ पोलादाच्या २ ते ६ पट जागा व्यापतो आणि कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) फोडतो, हे खरं. पण सतत ओल्या आणि ऑक्सिजन कमी मिळणाऱ्या काँक्रीटमध्ये गंज काळा किंवा हिरवट, चिकट होतो. तो फारसा फुगत नाही, छिद्रांत झिरपून जातो आणि वरून तडाही दिसत नाही. उघडल्यावर हवा लागली की थोड्याच वेळात त्याचा रंग तांबूस होतो, म्हणून सळई उघडल्या उघडल्या फोटो काढा आणि रंग लिहून ठेवा. वेल्समधला अनिस-अ-ग्वास पूल ४ डिसेंबर १९८५ला कोसळला. त्याच्या सेगमेंटच्या, म्हणजे जोडलेल्या तुकड्यांच्या, सांध्यांतून क्लोराइड पूर्वताणित (ताणून बसवलेल्या) तारांपर्यंत पोचलं होतं. तारा तुटेपर्यंत बाहेर काहीच बोलकी खूण नव्हती. पूर्वताणित काम असेल तर तडा नाही म्हणजे गंज नाही, असं कधीही धरू नका.

किती क्लोराइड धोक्याचं

कामापुरता आकडा: सिमेंटच्या वजनाच्या ०.४ टक्के. ही काळ्या दगडावरची रेघ नाही. ओल, कव्हरची घनता, सिमेंटचा प्रकार आणि सळईचा पृष्ठभाग यांवर ती खालीवर होते. ०.२ टक्क्यांवर गंज सुरू झालेला सापडतो आणि कोरड्या, घट्ट काँक्रीटमध्ये १ टक्क्यालाही सळई कोरी सापडते. तरी निर्णय घ्यायला ०.४ चांगला उंबरठा आहे.

प्रयोगशाळेचा अहवाल बहुतेक वेळा काँक्रीटच्या वजनावर टक्केवारी देतो. दोन्ही आकडे सरमिसळ करणं ही या कामातली सर्वांत महागडी चूक. रूपांतर असं करा: घनमीटरला ३५० किलो सिमेंट आणि घनता २,४०० किलो धरली, तर काँक्रीटच्या वजनाचे ०.०६ टक्के म्हणजे १.४४ किलो क्लोराइड, आणि ते सिमेंटच्या ०.४१ टक्के होतं. म्हणजे कागदावर किरकोळ दिसणारा ०.०६ हाच धोक्याचा आकडा आहे. सिमेंटचं प्रमाण ठाऊक नसेल तर त्याच नमुन्यावर तेही काढून घ्या.

क्लोराइड दोन वाटांनी येतं. एक वाट मिश्रणातूनच: न धुतलेली समुद्रवाळू, खारं पाणी, कॅल्शियम क्लोराइडचं ॲक्सिलरेटर (काँक्रीट लवकर घट्ट करणारं द्रव्य). समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड असतं. घनमीटरला १७५ लिटर असं पाणी वापरलं तर ३.३ किलो क्लोराइड आत गेलं, म्हणजे ३५० किलो सिमेंटच्या ०.९५ टक्के. काँक्रीट ओतलं त्याच दिवशी उंबरठा दुपटीने ओलांडला. दुसरी वाट बाहेरून: समुद्राचे तुषार, बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ, खाऱ्या पाण्याच्या टाक्या, गळके सांधे. कोणती वाट आहे यावर पुढचा सगळा उपाय ठरतो, आणि ते ओळखायची रीत सोपी आहे. वेगवेगळ्या खोलीवरचे नमुने घेतले की बाहेरून आलेलं क्लोराइड पृष्ठभागाशी जास्त आणि आत कमी कमी होत जातं. मिश्रणातलं सगळीकडे साधारण सारखं असतं.

तपासणी

सुरुवात हातोडीने. २०० ते ३०० ग्रॅमची हातोडी घेऊन सगळा पृष्ठभाग ठोकत जा. ठणक आवाज म्हणजे काँक्रीट धरून आहे. बद्द आवाज म्हणजे आत पापुद्रा सुटलाय. पोकळ भागाची कड खडूने आखा आणि नकाशावर घ्या. मोठ्या सपाट स्लॅबवर साखळी ओढली तरी तोच फरक ऐकू येतो. गिलावा असेल तर आधी थोड्या जागी तो काढा. गिलावा सुटल्याचा आणि कव्हर सुटल्याचा आवाज सारखाच येतो आणि फोडकामाचा अंदाज पार चुकतो. तडे सळईच्या रेषेत आहेत की आडवे, गंजाचे डाग कुठे आहेत, पाणी कुठून उतरतंय, हे त्याच नकाशावर लिहा.

मग कव्हरमीटरने कव्हर मोजा. सरासरीपेक्षा किमान कव्हर महत्त्वाचं, कारण गंज तिथूनच सुरू होतो. रिंगा मुख्य सळईच्या बाहेर असतात, त्यामुळे मोजायचं ते रिंगेवरचं कव्हर.

त्यानंतर अर्धघट विभवाची मोजणी, म्हणजे सळई आणि काँक्रीटवर टेकवलेला ठरावीक विद्युतघट (अर्धघट) यांच्यातला व्होल्टेजचा फरक. तोडफोड जवळजवळ न करता गंजाचा नकाशा देणारी याच्याइतकी उपयोगी चाचणी दुसरी नाही, पण ती घाईत केली तर निव्वळ आकडे हाती येतात.

१. एका ठिकाणी सळई उघडा, चकाकेपर्यंत घासा आणि क्लॅम्प घट्ट लावा. ही तार मीटरच्या धन टोकाला. कॉपर–कॉपर सल्फेट अर्धघट ऋण टोकाला. मीटरचा अंतर्गत रोध किमान १० मेगाओम हवा.

२. दूरच्या टोकाला दुसरी सळई उघडून दोन्हींमधला रोध मोजा. तो १ ओमच्या आत असला तर जाळी विजेच्या दृष्टीने अखंड आहे. प्रोब उलटसुलट करूनही तेवढाच आकडा यायला हवा. अखंड नसेल तर प्रत्येक तुटक भागाला वेगळी जोड द्यावी लागेल.

३. रंग, वॉटरप्रूफिंगचा थर, तेलकटपणा काढून टाका. जागा ओली करा. पाण्यात किंचित साबण घातला तर ते लवकर मुरतं. एकाच बिंदूवरचं वाचन ५ मिनिटांत २० मिलिव्होल्टपेक्षा जास्त हलत असेल तर अजून पाणी मुरू द्या.

४. ५०० मिमीची चौकट आखून वाचनं घ्या. सांधे, कोपरे, पन्हळीची तोंडं इथे २५० मिमी.

५. आकड्यांवरून समविभव रेषा काढा.

या अर्धघटाच्या मोजपट्टीवर, म्हणजे एएसटीएम सी८७६ या अमेरिकी मानकाप्रमाणे, −२०० मिलिव्होल्टपेक्षा कमी ऋण वाचन आलं तर गंज नसण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त, −३५०पेक्षा जास्त ऋण आलं तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त, आणि मधला पट्टा अनिश्चित. पण आकड्यापेक्षा उतार बोलका असतो. जवळजवळच्या दोन बिंदूंत विभव झपकन १००–१५० मिलिव्होल्टने उतरत असेल, तर तो खळगा म्हणजे ॲनोड. याउलट कायम पाण्याखालच्या काँक्रीटमध्ये सगळीकडे −६०० किंवा −७०० सारखी वाचनं येतात आणि तरी गंज नसतो. ऑक्सिजनच पोचत नाही, म्हणून विभव खाली गेलेलं असतं. इपॉक्सी लेपाच्या सळयांवर ही चाचणी लावू नका. विभव गंजाची शक्यता सांगतं, वेग नाही. वेगाचा अंदाज हवा असेल तर चार टोकांच्या वेनर उपकरणाने विद्युतरोधकता मोजा, टोकं सळईला तिरपी ठेवून. १० किलोओम-सेंटिमीटरच्या खाली काँक्रीट गंजाला आडकाठी करत नाही असं समजा. ध्रुवीकरण रोधाची चाचणी (सळईला किंचित प्रवाह देऊन गंजाचा वेग काढणारी) करणारं उपकरण मिळालं तर उत्तमच: १ मायक्रोॲम्पियर प्रति चौरस सेंटिमीटर म्हणजे वर्षाला ११.६ मायक्रोमीटर सरासरी झीज, आणि खड्ड्यात त्याच्या कित्येक पट.

नकाशा हाती आला की भुग्याचे नमुने कुठून घ्यायचे ते आपोआप ठरतं: सर्वांत ऋण जागेवर, मधल्या जागेवर आणि चांगल्या वाटणाऱ्या जागेवर. २० मिमीच्या बिटने, सळई टाळून, जवळजवळ तीन भोकं पाडा आणि एकाच खोलीचा भुगा एकत्र करा. एकच भोक पाडलं आणि ते मोठ्या खडीत गेलं, तर क्लोराइड खोटंच कमी दिसतं. १० मिमीच्या थराचा तीन भोकांतून सुमारे २० ग्रॅम भुगा निघतो आणि तेवढा पुरतो. पहिले ५ मिमी फेकून द्या. मग ५–१५, १५–२५ असं करत सळईच्या खोलीपर्यंत जा आणि सळईच्या मागचाही एक थर घ्या. तो किती फोडायचं ते सांगतो. प्रत्येक थरानंतर भोक फुंकून आणि बिट पुसून घ्या, नाहीतर वरचा खारट भुगा खालच्या नमुन्यात मिसळतो. भुग्याला उघडा हात लावू नका, घामातही मीठ असतं. प्रयोगशाळेला आम्लविद्राव्य, म्हणजे एकूण क्लोराइड सांगा: नायट्रिक आम्लात विरघळवून सिल्व्हर नायट्रेटने अनुमापन.

ताज्या फोडलेल्या बाजूवर अल्कोहोलमधलं १ टक्का फिनॉल्फ्थॅलिन फवारा. गुलाबी झालं तर तिथला पीएच साधारण ९च्या वर आहे. रंग आला नाही तो भाग कार्बोनेट झाला. ही पायरी क्लोराइडच्या तपासणीतही गाळू नका. सिमेंटने बांधून ठेवलेलं क्लोराइड कार्बोनेशन झाल्यावर सुटं होतं आणि आत सरकतं. तोच नमुना ०.१ मोलर सिल्व्हर नायट्रेट फवारून पाहिला, तर मोकळं क्लोराइड असलेला भाग पांढरट आणि बाकीचा तपकिरी होतो. हा साइटवरचा झटपट अंदाज झाला, प्रयोगशाळेची जागा तो घेत नाही. हातमोजे घाला, त्वचेवर त्याचे काळे डाग बरेच दिवस राहतात.

शेवटी दोन-तीन ठिकाणी खरंच सळई उघडून पाहा. नकाशा आणि डोळ्यांना दिसणारं जुळलं तरच बाकीच्या नकाशावर विश्वास टाका.

काय करायचं ते ठरवणं

सळईशी क्लोराइड ०.२ टक्क्यांच्या आत आणि विभव सौम्य असेल तर फोडू नका. पाण्याची वाट बंद करा, पृष्ठभागाला सिलेनसारखं जलरोधी द्रव्य द्या आणि लक्ष ठेवा. एखाद्या गळक्या सांध्याखालचा तुकडाच खारट झाला असेल तर गळती आधी थांबवून तेवढं सगळं खारट काँक्रीट काढा. इथे ठिगळ खरोखर टिकतं. क्लोराइड सगळीकडे उंबरठ्याच्या वर असेल तर नुसत्या ठिगळांनी सुटका नाही: सुटलेला भाग दुरुस्त करून कॅथोडिक संरक्षण (सळईला कॅथोड करून वाचवणं, ते पुढे येतं), किंवा तो भाग पूर्ण बदलणं, हे दोनच मुख्य पर्याय उरतात. मिश्रणातलंच क्लोराइड असेल तर बहुधा हीच वेळ येते. सळईला क्लोराइडने गाठल्यावर वरून गंजरोधक द्रव लावून काम भागेल, यावर भिस्त ठेवू नये.

सगळीकडे खारट असलेल्या काँक्रीटमधलं ठिगळ शेजारी गंज का आणतं, ते इथे समजून घ्या. गंजणारी जागा ॲनोड असते, म्हणून ती शेजारच्या सळईला कॅथोड करून नकळत वाचवत असते. तुम्ही तो ॲनोड काढला, तिथे ताजं अल्कधर्मी मॉर्टर भरलं. आता तिथली सळई सुखरूप, आणि शेजारच्या खारट काँक्रीटमधल्या सळईचं संरक्षण गेलं. लगेच ती ॲनोड होते आणि नवं ठिगळ तिचा कॅथोड. गंज ठिगळाभोवती वलयासारखा उठतो तो यामुळे.

फोडणं, धुणं, भरणं

आधी टेकू. कव्हर सुटलं की सळईची पकड गेलेली असते, आणि सळईच्या मागे फोडताना छेद आणखी घटतो. बीम, कॉलम, बाल्कनीसारखे कँटिलिव्हर भाग यांना किती आणि कुठे प्रॉप लावायचे हे संरचना अभियंत्याने लिहून द्यावं. कॉलमच्या चारही बाजू एकदम उघडू नका.

फोडायच्या भागाची कड सरळ, चौकोनी आखा आणि कटरने १० ते २० मिमी खोल खाच घ्या. कव्हर कमी असेल तर आधी मोजा, नाहीतर कटर रिंगच कापेल. निमुळती होत शून्यावर येणारी कड ठेवू नका. तिथलं मॉर्टर वाळून उचलतं. सळईजवळ ७–८ किलोपर्यंतचाच हलका ब्रेकर वापरा. जड ब्रेकरने सळई थरथरते आणि पुढचं चांगलं काँक्रीटही तिला सोडतं. उच्च दाबाच्या पाण्याने फोडणं याहून सरस: सूक्ष्म तडे पडत नाहीत, आणि सळई धुतलीही जाते. सळईच्या पूर्ण भोवती मोकळं करा, मागे किमान २० ते २५ मिमी जागा. अर्धी सळई जुन्या खारट काँक्रीटमध्ये आणि अर्धी नव्या मॉर्टरमध्ये ठेवणं म्हणजे ॲनोड–कॅथोडची जोडी स्वतःच्या हाताने जुळवून देणं. सळईच्या दिशेने गंज संपेपर्यंत आणि पुढे ५० ते १०० मिमी चकचकीत सळई दिसेपर्यंत जा.

सळई ब्लास्टिंगने (दाबाने कण मारून) एसए २½ दर्जापर्यंत, म्हणजे गंजाची जेमतेम छटा उरेल इतकी, साफ करा. तारेचा ब्रश गंज घासून चमकवतो, खड्ड्याच्या तळाशी पोचत नाही, आणि क्लोराइड नेमकं तिथेच बसलेलं असतं. ब्लास्टिंगनंतर उच्च दाबाने गोडं पाणी मारून धुवा, वाळू द्या, दुसऱ्या दिवशी पाहा. खड्ड्यांच्या जागी ओलसर, गडद ठिपके पुन्हा उमटले तर क्लोराइड अजून आहे. पुन्हा ब्लास्टिंग, पुन्हा पाणी. ठिपके येणं थांबेपर्यंत पुढे जाऊ नका. कामाच्या वेळापत्रकात यासाठी दिवस राखून ठेवले नसतील, तर ही पायरी हमखास गाळली जाते.

आता उरलेला व्यास कॅलिपरने सर्वांत खोल खड्ड्याशी मोजा. १६ मिमी सळईचा व्यास १४.४ राहिला तर व्यासात घट १० टक्के दिसते, क्षेत्रफळात मात्र १९ टक्के. क्षेत्रफळ १० टक्क्यांहून जास्त घटलं की अभियंत्याकडून तपासून घ्या. जादा सळई द्यायची तर लॅप (जुनी आणि नवी सळई शेजारी ठेवायची लांबी) धड भागावर दोन्हीकडे पूर्ण मिळायला हवा. वेल्डिंग मनाने करू नका. शीत प्रक्रियेने बळकट केलेल्या सळईची ताकद उष्णतेने जाते.

सळईला सिमेंटयुक्त अल्कधर्मी लेप द्या, तोही पूर्ण साफ झालेल्या सळईवर आणि सगळ्या बाजूंनी. अर्धवट गंजावर मारलेला इपॉक्सी रंग खालचा खड्डा झाकतो, थांबवत नाही.

जुनं काँक्रीट १२ ते २४ तास भिजत ठेवा. भरताना ते आतून ओलं आणि वरून पाणी न दिसणारं असावं. बाँडिंग कोट (जुन्याला नवं चिकटवणारा लेप) लावला असेल तर तो ओला असतानाच मॉर्टर लावा. वाळलेला बाँडिंग कोट पकड देत नाही, उलट थर सोडवतो. कोरड्या जागी नुसतं भिजवून नीट दाबून भरलेलं मॉर्टर वाळलेल्या कोटावरच्या मॉर्टरपेक्षा शतपटीने बरं.

भार घेणाऱ्या भागात ईएन १५०४-३ या युरोपीय मानकाप्रमाणे आर४ वर्गाचं मॉर्टर: दाबशक्ती किमान ४५ मेगापास्कल, पकड किमान २ मेगापास्कल. जुनं काँक्रीट कमकुवत असेल तर आर३ (२५ आणि १.५) जास्त जुळतं, फार ताठ मॉर्टर कडेला सुटतं. पाणी मापूनच घाला. सळईच्या मागे आधी दाबून भरा, मग पुढे. मागे पोकळी राहिली तर पहिला नवा खड्डा तिथेच पडतो. खोल आणि गर्दीच्या जाळीत हाताने थापण्यापेक्षा साचा बांधून प्रवाही मायक्रोकाँक्रीट ओतणं खात्रीचं. ७ दिवस ओलं ठेवा. २८ दिवसांनी पुल-ऑफ चाचणी (चकती चिकटवून ओढून पकड मोजणं) घ्या, आणि तुटण्याची जागा लिहा: जुन्या काँक्रीटमध्ये तुटलं तर पकड चांगली, सांध्यात तुटलं तर पृष्ठभागाची तयारी कच्ची.

जिथे खारट काँक्रीट मागे ठेवावंच लागतं

ठिगळाच्या कडेला, जुन्या काँक्रीटपासून १०० मिमीच्या आत, जस्ताचे ॲनोड सळईला बांधा. अंतर सळईच्या दाटीप्रमाणे साधारण ३०० ते ६०० मिमी. दाट जाळीत कमी. ते जस्त आता शेजारच्या सळईऐवजी झिजतं. ॲनोडची तार आणि सळई यांतला रोध १ ओमच्या आत आहे हे प्रत्येक नगाचं तपासा. न तपासलेला ॲनोड म्हणजे मॉर्टरमध्ये पुरलेला जस्ताचा गोळा. भराईचं मॉर्टर फार उच्च रोधकतेचं नको, प्रवाहच जाणार नाही. उत्पादकाने दिलेली मर्यादा पाहून मॉर्टर निवडा. जिथे ॲनोड बसवायचे तिथे सळईवर लेप देऊ नका.

व्याप्ती मोठी असेल तर बाह्य विद्युतप्रवाहाचं कॅथोडिक संरक्षण. काँक्रीटच्या पुलावर ते पहिल्यांदा १९७३मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्लाय पार्क इथे लावलं गेलं, आणि क्लोराइड काँक्रीटमध्ये तसंच असताना गंज रोखून धरणारा इतका भरवशाचा उपाय आजही दुसरा नाही. टायटॅनियमची जाळी किंवा पट्ट्या ॲनोड म्हणून, सळईच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला ५ ते २० मिलिॲम्पियर. निकष: वीज तोडल्यावर २४ तासांत विभव किमान १०० मिलिव्होल्टने सावरलं पाहिजे. चालू करताना एक गोष्ट दोघांनी मिळून तपासा: पुरवठ्याचं ऋण टोक सळईला आणि धन टोक टायटॅनियमला. उलट जोडलं तर तीच यंत्रणा सळई विरघळवू लागते. चालू करताच सळईचं विभव जास्त ऋण व्हायला हवं. नाही झालं तर ताबडतोब बंद करा. पूर्वताणित तारांच्या बाबतीत फार प्रवाह गेला तर हायड्रोजन शिरून तारा ठिसूळ होतात, म्हणून तिथे विशेषज्ञाशिवाय पाऊल टाकू नये.

तात्पुरती यंत्रणा लावून १ ते २ ॲम्पियर प्रति चौरस मीटर प्रवाहाने काही आठवड्यांत क्लोराइड बाहेर ओढण्याची रीतही आहे. सळईच्या मागचं क्लोराइड तिच्याने पूर्ण निघत नाही, आणि खडी अल्कलीशी क्रिया करणारी असेल तर ती टाळावी.

नव्या कामात

कव्हर वाचवण्यासारखी खोटी बचत दुसरी नाही. विसरणाचं, म्हणजे क्लोराइड काँक्रीटमधून आत सरकण्याचं, गणित पाहा: पृष्ठभागाशी क्लोराइड सिमेंटच्या ३ टक्के, उंबरठा ०.४, विसरण गुणांक १×१०⁻¹² चौरस मीटर प्रति सेकंद. ५० मिमी कव्हरला सळईपर्यंत उंबरठा पोचायला सुमारे १७.५ वर्षं लागतात, ७० मिमीला ३४, आणि २५ मिमीला ४.४. काळ कव्हरच्या वर्गाप्रमाणे वाढतो. कव्हर निम्मं झालं की आयुष्य पाव होतं. दुसरा घटक विसरण गुणांक. तो खाली आणायला पाणी–सिमेंट गुणोत्तर ०.४०च्या आसपास, सिमेंटच्या जागी ५० ते ७० टक्के स्लॅग (लोखंडाच्या भट्टीची मळी) किंवा २५ ते ३५ टक्के फ्लाय ॲश (कोळशाची राख), आणि लांब क्युअरिंग (काँक्रीट ओलं ठेवणं). स्लॅग, फ्लाय ॲश घालून क्युअरिंगमध्ये कसर केली तर वरचा थर सच्छिद्र राहतो आणि सगळा फायदा जातो.

कव्हर ब्लॉक त्याच दर्जाच्या काँक्रीटचे घ्या; विटेचा तुकडा किंवा खडी ठेवली तर ती क्लोराइडची थेट वाट होते. बाइंडिंग वायरची टोकं आत वळवा. फार आक्रमक जागी, जिथे पुन्हा दुरुस्ती करायला जाणंच अवघड, तिथे स्टेनलेस सळईचा विचार करा. मेक्सिकोतल्या प्रोग्रेसोचा धक्का १९३७ ते १९४१ दरम्यान ३०४ जातीच्या स्टेनलेस सळया घालून बांधला गेला आणि समुद्रात दशकानुदशकं उभा राहिला.

काम झाल्यावर

दुरुस्तीनंतर विभवाचा नकाशा पुन्हा घ्या, मग दरवर्षी त्याच चौकटीवर आणि त्याच ऋतूत. ओल बदलली की आकडे बदलतात आणि तुलना निरर्थक होते. चौकटीचे कोपरे पक्क्या खुणांनी बांधून ठेवा. हातोडी मात्र ठिगळावर कमी आणि ठिगळाच्या कडेपासून बाहेर ५०० मिमीच्या पट्ट्यात जास्त चालवा. बद्द आवाज येणार असेल तर तो तिथूनच येईल.